दारातलं वाक्य

२ फेब्रुवारी

आज नवी तुकडी सुरू झाली. 'प्रवासापुरतं इंग्रजी', सहा आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी. अकरा जणांनी नावं दिली होती, आले बारा. बारावे आमचे हे.

फळ्यावर तारीख लिहून वळते तर शेवटच्या बाकावर स्वारी बसलेली. पुढ्यात कोरी वही, दोन पेनं आणि चेहरा पहिलीत घातलेल्या मुलासारखा. मला हसू आवरेना. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली, पण इंग्रजी पत्र आलं की घरी घेऊन यायचे आणि उत्तर मी लिहून द्यायची. निवृत्त होऊन वर्ष झालं, आणि आता हे सुचलं!

"हजर, मॅडम," म्हणाले. सगळा वर्ग हसला. वर्गाखालच्या दुकानातले शिंपीदादाही याच तुकडीत आहेत, ते तर बाक बडवून हसले.

घरी येताना विचारलं, "हे काय नवीन खूळ?"

"अगं, किती वर्षं तुझ्या जिवावर फिरायचं? एकदा मी स्वतः हॉटेलात खोली घेऊन दाखवतो. जाऊ आपण कुठेतरी."

जाऊ आपण! लग्नाला तीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी आनंद दाखवला नाही, नाहीतर उगाच चढून बसतील. पण भाजी चिरताना मी गुणगुणत होते असं मलाच नंतर कळलं.

५ फेब्रुवारी

या अभ्यासक्रमात मी एकच गोष्ट पक्की करून घेते, ती म्हणजे हॉटेलात खोली मागणं. परक्या गावी बाकी सगळं माणूस हातवारे करून निभावून नेतो, पण झोपायला जागा हवी असेल तर तोंड उघडावंच लागतं. म्हणून टेबलाच्या एका बाजूला मी कारकून होऊन बसते. पुढ्यात एक घंटी, एक जाडजूड रजिस्टर, एक बंद पडलेला फोन. समोर गिऱ्हाईक. किती माणसं, किती दिवस, कोणत्या मजल्यावर, खिडकी कुठे, नाव, नंबर. एवढं जमलं की जगात कुठेही पाठ टेकता येते.

नंबराचा नियम मी पहिल्याच आठवड्यात घोटून घेते. हॉटेलवाले खात्री करायला उलट फोन करतातच, आणि तेव्हा समोरचं इंग्रजी ऐकून आपली बोबडी वळते. म्हणून जो माणूस नक्की फोन उचलेल आणि ज्याला नक्की कळेल, त्याचाच नंबर द्यायचा. सरावात सगळे वर्गाचा नंबर देतात. रोज म्हणून म्हणून तो त्यांना स्वतःच्या घरच्या नंबरापेक्षा जास्त पाठ होतो.

दुसरा नियम दारातल्या वाक्याचा. तास संपला की मी दारात उभी राहते. एकेकानं यायचं, त्या दिवसाचं वाक्य बिनचूक म्हणायचं, मगच मी बाजूला होते. चुकला की रांगेच्या शेवटी. मागच्या तुकडीत एका बाईंची बस चुकली यापायी. चुकू दे. पुढच्या तासाला वाक्य कसं खणखणीत आलं!

आज ह्यांची पाळी होती. मी विचारलं, किती माणसांसाठी खोली? तर म्हणतात, "वन पर्सन."

"चूक. दोघं जाणार ना आपण?"

"हो हो. टू."

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा "वन पर्सन." तिसऱ्यांदाही तेच. तुकडीतल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो साहेब, मॅडमना घरीच ठेवून जाताय की काय?" वर्गात खसखस पिकली. हे मात्र लाल झाले. शेवटी दारात अडवून मी "टू पर्सन्स" दहा वेळा म्हणवून घेतलं तेव्हा सोडलं. सवय मोडायची तर अशीच मोडावी लागते.

९ फेब्रुवारी

आज वर्गाला सुट्टी दिली होती. दुपारी हे बाल्कनीत दार लावून अर्धा तास फोनवर होते. बाहेर आले तर शर्ट घामानं चिकटलेला.

"कोण होतं?"

"जुना ऑफिसातला."

"त्याच्याशी बोलायला एवढा घाम?"

हसले नुसते. पण खुशीत होते. दोनदा वाढून घेतलं जेवताना. मग एकदम म्हणाले, "तुला खिडकीतून समुद्र दिसलेला आवडेल की बाग?"

मी म्हटलं, समुद्र. विचारायचं काय त्यात! ऐकून पुन्हा फोन घेऊन बाल्कनीत गेले.

मनातल्या मनात मी चपला बदलायला काढल्या आहेत. वाळूत चालायच्या वेगळ्या लागतात.

१३ फेब्रुवारी

आज सकाळी सगळा दिवस नासवला ह्यांनी. चहा पिता पिता म्हणाले, "ठकूला एक फोन कर ना."

ठकू म्हणजे आमची लेक. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण ह्यांनी लाडानं ठकू केलं. दोन वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नाही. ह्यांच्याशी बोलते. पंधरवड्यातून एकदा बाल्कनीत दार लावून जे काही चालतं ते मला कळत नाही असं ह्यांना वाटतं.

कारण काय, तर एक पत्र. तिनं परराज्यात, नोकरीच्या गावी, एक माणूस पसंत केला. बोटीवर स्वयंपाकी, आधी एक लग्न होऊन मोडलेलं. मी नको म्हटलं. कुठली आई हो म्हणेल? तर तिनं सहा पानी पत्र लिहिलं. मी वाचलं, नीट वाचलं. आणि पस्तीस वर्षांची सवय, हातात लाल पेन होतंच. शेवटच्या पानाखाली शेरा लिहिला, 'मुद्दे चांगले मांडले आहेत. निष्कर्ष चुकला.' आणि परत पाठवलं. थट्टा होती अर्धी. तिला थट्टा कळत नाही, त्याला मी काय करू?

"एवढंच म्हण की तो शेरा मागे घेते," हे म्हणाले.

"आणि निष्कर्ष बरोबर आहे असंही म्हणू का?"

"तसं नाही गं. नुसता फोन कर. आज कर. जमलं तर आजच कर."

"आज काय आहे एवढं?"

काहीच नाही म्हणाले. कप तसाच ठेवून उठले. मी फोन केला नाही. चूक माझी नसताना आधी मी का नमतं घ्यायचं? दिवसभर मूग गिळून बसले होते. बसू देत.

१६ फेब्रुवारी

आजचा तास फार छान झाला. धडा होता घेतलेली खोली बदलणं. तारीख पुढे ढकलणं, माणसं कमी-जास्त करणं. पुस्तकातली उदाहरणं कोरडी असतात, म्हणून मी वर्गाला म्हटलं, तुम्हीच अडचण सांगा, मी वाक्य देते.

शिंपीदादांना शिलाईची घाई होती म्हणून दोन दिवस उशिरा जायचं होतं. नर्सबाईंची ड्युटी बदलली होती. मग ह्यांनी हात वर केला. पहिल्यांदाच आपणहून.

"समजा दोघांची खोली घेतली आहे आणि एकच जाणार आहे. तर?"

"कारण काय? कारण सांगितलं की समोरचा नरमतो."

थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पत्नीची तब्येत बरी नाही. त्यामुळे ती येणार नाही."

वा! म्हटलं, याला म्हणतात डोकं चालवणं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. माय वाइफ इज नॉट वेल. शी इज नॉट कमिंग. बारा गळे एका सुरात. खालच्या दुकानातल्या पोऱ्याची शिलाई मशीन थांबली असेल. ह्यांचा 'वेल' मात्र घशात अडकत होता. मी जवळ जाऊन ओठ कसे ठेवायचे ते दाखवलं. तरी दारात दोनदा चुकले आणि दोनदा रांगेच्या शेवटी गेले. शेवटी मला बसची काळजी वाटली तेव्हा तसंच सोडून दिलं.

घरी येताना मी कौतुक केलं. "हुशार विद्यार्थी आहात." त्यावर त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली.

२० फेब्रुवारी

आमची सहल लांबणीवर. आधी जुन्या ऑफिसवाल्यांचा चार दिवसांचा मेळावा आहे म्हणे, पहिल्या मार्चला निघायचं. बायकांना नेणार नाहीत. "आपलं मार्चअखेर बघू." मी म्हटलं ठीक आहे, मेळावा तर मेळावा.

शिंपीदादांकडे ह्यांनी नवा सूट टाकला आहे. मी सहज विचारलं, कसा होतोय? तर ते सुई तोंडात धरून कायतरी पुटपुटले आणि गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक आल्यासारखे आत गेले. ऑफिसच्या मेळाव्याला सूट! पाणीपुरवठ्याच्या लोकांना कधीपासून एवढा थाट सुचायला लागला?

२४ फेब्रुवारी

लिहिते. लिहिल्याशिवाय हे डोक्यातून उतरणार नाही.

मी तासाच्या आधी तासभर वर्गात जाऊन बसते. फळा पुसते, रजिस्टर लावते. आज फोन वाजला. टेबलावरचा बंद फोन नव्हे, कोपऱ्यातला चालू. समोर एक मुलगी, आवाज गोड, इंग्रजी स्वच्छ. अमुक अमुक हॉटेलातून बोलते आहे, खोलीची खात्री करायची आहे. मला वाटलं माझाच कुणी विद्यार्थी खरोखर प्रवासाला निघाला. छाती अशी भरून आली!

मग तिनं ह्यांचं नाव घेतलं. आमच्या आडनावासकट.

मी म्हटलं, "बोला."

एक खोली, तीन रात्री, दोन मार्चपासून. एक माणूस. लग्नाच्या पाहुण्यांपैकी. वधूचे वडील, बरोबर ना? हॉलमधला समारंभ तीन तारखेला सकाळी. आणि तिनं वधूचं नाव वाचलं. माझ्या ठकूचं, भारदस्त, मी ठेवलेलं.

माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख मला एका परक्या पोरीनं सांगितली. माझ्याच वर्गात, माझ्याच फोनवर.

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "येस, दॅट इज करेक्ट." सवय!

तीही बिचारी नीट काम करणारी. म्हणाली, आधी नऊ तारखेला दोघांसाठी समुद्राकडची खोली घेतली होती, सतरा तारखेला ती एकाची केली. बाईंची तब्येत बरी नाही, त्या येणार नाहीत, असं साहेब म्हणाले होते. आता कशा आहेत त्या?

माझं वाक्य. मी फळ्यावर लिहिलेलं, बारा जणांकडून घोकून घेतलेलं, ओठ कसे ठेवायचे ते दाखवून दिलेलं. ते वाक्य फिरून माझ्याच कानात आलं.

"तशाच आहेत," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा दारात नर्सबाई उभ्या. कधी आल्या कोण जाणे. "मॅडम, बरं वाटत नाही का? चेहरा पांढराफटक पडलाय." मनगट धरायला लागल्या.

"बरी आहे मी!" मी ओरडले. "मला काही झालेलं नाही!"

नंबर माझाच दिला त्यांनी. घोटून घेतलेला तोंडात बसलेला होता, तोच बाहेर आला. मीच बसवला होता.

२५ फेब्रुवारी

आज सांगतील असं वाटलं. नाही सांगितलं.

सूट घरी आला. घालून दाखवला. गडद निळा, खांद्यावर छान बसला आहे. "कसा दिसतो?" म्हणाले. मी म्हटलं, "लग्नाला निघाल्यासारखे दिसता." एकदम आरशाकडे वळले आणि टाय सोडायला लागले.

नऊ ते सतरा. म्हणजे आठ दिवस मी त्या खोलीत होते. समुद्राकडच्या. मधेच तेरा तारीख येते, चहाचा कप तसाच ठेवून उठले ती. मला हे जुळवत बसायचं नाही. जुळवून काय करू? दोघांनी मिळून केसानं गळा कापला माझा. एकीनं बोलवायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं नाही. आणि मी इकडे वाळूतल्या चपला बघत होते! त्या चपलांचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

२६ फेब्रुवारी

ठकूला पत्र लिहायला बसले. चार ओळी झाल्या. वाचल्या. प्रत्येक ओळीत मी बरोबर होते. फाडून टाकल्या.

२७ फेब्रुवारी

आज वर्गातून त्या हॉटेलला फोन केला. खोली रद्द करायला. शब्द माझ्याइतके कुणाला येतात? तेच तर मी आयुष्यभर विकत आले आहे. एका मिनिटाचं काम होतं. दोन तारखेला हे नवा सूट पिशवीत घेऊन त्या टेबलापुढे उभे राहिले असते आणि तोंडातून एक शब्द फुटला नसता.

तीच मुलगी होती. म्हणाली, खोलीत काही बदल करायचाय का?

मी म्हटलं, "हो. खालच्या मजल्यावरची द्या. त्यांचा उजवा गुडघा जिन्यावर दुखतो. हे मागायचं ते विसरले असतील."

विसरतातच. सरावात दर वेळी मजला विसरायचे.

"कोण बोलतंय म्हणून लिहू?"

काय सांगणार होते? पत्नी आजारी आहे, ती फोन करत नाही. "त्यांची इंग्रजीची शिक्षिका," म्हटलं आणि ठेवून दिला.

मग इतका संताप आला स्वतःचा की रजिस्टर भिरकावलं. घंटी खाली पडून टणकन वाजली. खालून शिंपीदादा धावत वर आले. दारात थांबले, एकदा माझ्याकडे, एकदा रजिस्टरकडे पाहिलं.

"मॅडम, मला त्यांनी शपथ घातली होती," म्हणाले.

म्हणजे शिंप्यालाही माहीत! मापं घेणाऱ्याला माहीत, हॉटेलातल्या पोरीला माहीत, माहीत नव्हतं ते जन्म देणारीला.

"सूट छान झालाय," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

२८ फेब्रुवारी

त्यांची बॅग मी भरली. नेहमी मीच भरते. सूट घडी न मोडता वरती ठेवला. गुडघ्याचा पट्टा कडेला. हे पलंगावर बसून बघत होते. दोनदा "ऐक ना" म्हणाले. दोन्ही वेळा मी हातातलं काम सोडून वळले, पूर्ण वळले, समोर उभी राहिले. एकदा म्हणाले, मोजे घातलेस का. एकदा म्हणाले, काही नाही.

अजून एक सकाळ आहे. दारापर्यंत वेळ आहे त्यांना.

१ मार्च

गेले. अकराला गाडी आली.

सकाळपासून मी वाट पाहिली. चहाला, आंघोळीनंतर, बूट घालताना. बूट घालताना मान खाली असते, तेव्हा माणूस बोलून टाकतो असं मला वाटलं होतं. फीत बांधली आणि उठले. "येतो चार दिवसांत. स्वतःला सांभाळ." बॅग उचलली.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"अगं, सरक ना, गाडी थांबलीय."

"दारातलं वाक्य राहिलं," मी म्हटलं.

हसले. त्यांना वाटलं थट्टा. "आय हॅव अ रिझर्व्हेशन," म्हणाले, मोठ्या ऐटीत.

"ते नाही. सोळा तारखेचं. तुम्ही दोनदा चुकला होतात, मी तसंच सोडलं होतं."

हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. बॅग खाली ठेवली. ठेवताना गुडघा कुरकुरला, भिंतीला हात लावला.

"कुणी सांगितलं तुला?"

"हॉटेलनं. नंबर माझाच दिला होता तुम्ही."

 खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"मी दोघांची घेतली होती," म्हणाले. "देवाशप्पथ. ठकूच्या हातापाया पडलो. ती म्हणाली, आईनं नुसता एक फोन करावा, तेरा तारखेपर्यंत. तेवढंच. मला म्हणाली, तिला तारखेचं सांगायचं नाही, आपणहून आला तरच फोन खरा. मी काय करू सांग? एकुलती एक पोर आहे. मी गेलो नाही तर तिच्याकडून कोण उभं राहणार?"

माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर नेहमीच असतं माझ्याकडे. मला म्हणायचं होतं की परीक्षा घ्यायची तर आधी सांगून घ्यावी. मला म्हणायचं होतं की सोळा तारखेला माझ्यासमोर हात वर करून, माझ्याकडून वाक्य मागून घेताना तुमची जीभ कशी झडली नाही. तीस वर्षं तुमची सगळी इंग्रजी पत्रं मी लिहिली, त्यातल्या एकातही खोटं नव्हतं. आणि मला असंही म्हणायचं होतं की थांबा, मी पाच मिनिटांत साडी बदलते.

पण फक्त म्हटलं, "वाक्य."

"नको ना गं."

"माझा नियम आहे. त्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही."

माझ्या डोळ्यांत बघत होते. वाटलं, आता बॅग उघडतील, फोन माझ्या हातात देतील, निदान म्हणतील की हे वाक्य मी म्हणणार नाही. मी खरंच वाट बघत होते. पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग सरळ उभे राहिले, वर्गात राहतात तसे, आणि हळू म्हणाले,

"माय वाइफ इज नॉट वेल. शी इज नॉट कमिंग."

'वेल' अगदी स्वच्छ आला. ओठ जसे ठेवायला शिकवले होते तसेच ठेवले होते. एकही चूक नव्हती.

मी दारातून बाजूला झाले.